हिला कोणी खोडलं?
(इरॅटोस्थेनिसच्या चाळणीविषयी)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. त्यांच्याविषयी इथे दरवर्षी बोलले जाते, म्हणून मी एकच आठवण सांगतो. पाचवीत त्यांनी फळ्यावर १ ते १०० चा तक्ता काढला आणि आमच्याकडून मूळ संख्या शोधून घेतल्या. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने भाग जात नाही ती मूळ संख्या, एवढे आम्हाला पाठ होते. दुसऱ्या तुकडीचे शिक्षक विचारत, ‘सांग, ५१ मूळ आहे का?’ मुलगा वर छताकडे बघे आणि अंदाजाने हो किंवा नाही म्हणे. आमचे सर हा प्रश्न कधीच विचारत नसत. ते खोडलेल्या संख्येवर पट्टी टेकवत आणि विचारत, ‘हिला कोणी खोडलं?’

या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देता येत नाही. ५१ ला तीनने खोडले, ९१ ला सातने. नाव घ्यावेच लागते.

त्या प्रश्नात एक अख्खे शास्त्र दडले आहे, हे मला फार उशिरा, स्वतः शिकवायला लागल्यावर कळले. आजचा सगळा वेळ मी त्याच प्रश्नाच्या मागे घालवणार आहे.

आधी फळा. तक्ता तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. १ बाजूला ठेवू. पहिली संख्या २. ती ठेवायची आणि तिथून दोन-दोन घरे मोजत जायचे: ४, ६, ८, थेट १०० पर्यंत सगळ्यांवर काट. ४९ संख्या गेल्या. आता २ नंतर न खोडलेली पहिली संख्या ३. ती ठेवून तीन-तीन घरे मोजायची. यातल्या ६, १२, १८ अशा सम संख्या आधीच गेलेल्या आहेत. नव्याने जातात त्या ९, १५, २१ अशा १६. पुढे ४ खोडलेलीच आहे, म्हणून ५. पाचच्या वाट्याला फक्त सहा येतात: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. मग ७. सातच्या वाट्याला तीनच: ४९, ७७ आणि ९१. उरल्या २५ संख्या. झाले. शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या हातात आल्या आणि आपण एकही भागाकार केला नाही.

सातवर का थांबलो? पुढची न खोडलेली संख्या ११, तिला काम का नाही? कारण अकराला जी पहिली नवी संख्या खोडायला मिळेल ती अकरा अकरे एकशे एकवीस, आणि ती तक्त्याच्या बाहेर आहे. २२, ३३, ४४, ५५ या सगळ्या धाकट्या भावंडांनी आधीच उरकल्या. दुसऱ्या बाजूने बघा: शंभरच्या आतली संख्या दोन अवयवांत फुटत असेल, तर दोन्ही अवयव दहापेक्षा मोठे असणे शक्यच नाही, गुणाकार शंभराच्या वर जाईल. तेव्हा एक तरी अवयव दहाच्या आतला, आणि दहाच्या आतले खोडणारे चारच. दहा हजारांपर्यंत जायचे तर शंभरच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या पुरतात. म्हणजे हा छोटा तक्ता मोठ्या तक्त्याचे हत्यार तयार करून देतो. मला वाटते, साऱ्या पद्धतीत सर्वांत देखणे काही असेल तर ते हेच. आणि शाळेत नेमके हेच घाईत सुटते.

मेहनतीचा हिशेबही थक्क करणारा आहे. एक कोटीपर्यंतची यादी घेतली, तर एका संख्येवर सरासरी किती वेळा काट पडेल? अडीच वेळासुद्धा नाही. यादी एक कोटीची झाली तरी खोडणाऱ्याचा हात प्रत्येक घरावर दोनअडीच वेळाच फिरतो. म्हणून बावीसशे वर्षांची ही पद्धत आजही संगणकावर, एका मर्यादेपर्यंत, सर्रास वापरली जाते.

हिला चाळणी म्हणतात; ग्रीकमध्ये ‘कोस्किनॉन’, अर्थ तोच. पण मला विचाराल तर आपल्या घरातली दुसरी उपमा जास्त चपखल बसते. आपण म्हणतो, ‘आई तांदूळ निवडत बसली आहे.’ प्रत्यक्षात आई तांदळाचा एक दाणाही निवडत नाही. ती खडे वेचते. तांदूळ उरतो. तांदळाचा दाणा कसा असतो हे तिला कोणी विचारले तर ती हसेल. तिला खडा ओळखता येतो, तेवढे बस्स. मूळ संख्यांचेही तसेच आहे. त्यांच्यात सहज दिसणारा कोणताच नियम नाही. १३, १७, १९, २३, मग एकदम २९. ११३ नंतर थेट १२७. खडे मात्र कमालीचे शिस्तीचे: दोनचा पाढा, तीनचा पाढा, पाचचा पाढा. म्हणून बेशिस्त दाण्यांच्या मागे धावायचे नाही, शिस्तीचे खडे काढून टाकायचे. ही युक्ती ज्याला सुचली तो माणूस कसा होता, हे बघू.

इरॅटोस्थेनिसचा जन्म सायरीनचा, आजच्या लिबियाच्या किनाऱ्याजवळची ग्रीक वसाहत. इसवी सनापूर्वी २७६ च्या सुमाराचा. शिक्षण अथेन्सला झाले आणि तिसऱ्या टॉलेमीने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतले. तिथल्या विख्यात ग्रंथालयाचा तो प्रमुख झाला आणि राजपुत्राचा शिक्षकही. त्याने काय केले नाही? भूगोलावर ग्रंथ लिहिला, आणि ‘भूगोल’ या अर्थाचा ग्रीक शब्दच त्याने चालवला. इतिहासाची कालगणना बसवली, नाटकांवर लिहिले, कविता केल्या, घन दुप्पट करण्याच्या जुन्या कोड्यासाठी सरकत्या पट्ट्यांचे यंत्र बनवले. लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘बीटा’. ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर. म्हणजे प्रत्येक विषयात दुसरा, कशातच पहिला नाही. टोपणनावे ठेवण्यात अलेक्झांड्रियाचे विद्वान आपल्या पेठांना हार गेले नसते. पण आर्किमिडीजने आपला ‘पद्धत’ हा ग्रंथ, ज्यात त्याने शोध लावण्याची गुपिते उघडी केली, तो याच दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला उद्देशून लिहिला आहे. आर्किमिडीजला माणसाची पारख होती असे मी धरून चालतो.

पृथ्वी मोजल्याची त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी इथे ती हवी आहे. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारी, सायीनी म्हणजे आजच्या आस्वानला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियाला सावली पडते, आणि ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन दाखवते. दोन गावांमधले अंतर ५,००० स्टेडिया. पन्नासने गुणले, पृथ्वीचा घेर अडीच लाख स्टेडिया. पृथ्वीला प्रदक्षिणा न घालता एक तुकडा मोजला आणि तो तुकडा किती वेळा मावेल ते काढले.

आता ‘किती वेळा मावेल’ हे शब्द धरून ठेवा. ग्रीकांच्या डोक्यात संख्या म्हणजे लांबी होती. इरॅटोस्थेनिसच्या आधी थोडी वर्षे युक्लिडने मूळ संख्येची व्याख्या केली, तिच्यात भागाकार हा शब्द नाही. जी संख्या फक्त एककाने मापली जाते ती मूळ, असे तो म्हणतो. पंधरा हात दोर तीन हातांच्या काठीने पाच वेळांत पुरा मापता येतो. सतरा हात दोर कोणत्याही काठीने पुरता मापला जात नाही; शेवटी शिल्लक राहतेच. फक्त एक हाताची काठी चालते. आता चाळणीकडे परत या. तीन हातांची काठी घेऊन सुरुवातीपासून एकामागून एक टाकत जा. काठीचे टोक जिथे जिथे टेकेल ती संख्या मापली गेली, खोडा. मग पाच हातांची काठी. अलेक्झांडरच्या फौजेबरोबर पावले मोजून अंतरे नोंदवणारी खास माणसे असत. तेच काम, फक्त वाळवंटाऐवजी संख्यांच्या रांगेत. ज्याने पृथ्वी मापली त्यालाच ही पद्धत सुचावी याचे मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे एकच सवय दिसते: पाऊल ठरवायचे, मोजत जायचे, आणि प्रत्येक ठिकाणी चौकशी करत बसायचे नाही.

‘सुचावी’ म्हटले खरे, पण इरॅटोस्थेनिसने स्वतः चाळणीबद्दल लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. त्याचे जवळजवळ सारेच लेखन गेले. इतरांनी केलेले उल्लेख आणि उतारे राहिले. चाळणीची हकिकत आपल्याला मिळते ती तीनशे वर्षांनंतरच्या निकोमेकसकडून. हा जेरासाचा, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या जेराशचा. त्याने अंकगणिताची एक प्राथमिक ओळख लिहिली, आणि तिच्यात या पद्धतीला इरॅटोस्थेनिसची चाळणी असे नाव देऊन ती समजावली. गंमत म्हणजे निकोमेकसचा तक्ता आपल्यासारखा नाही. तो फक्त विषम संख्या मांडतो, ३ पासून. तीनसाठी दोन घरे सोडून तिसरे, पाचसाठी चार घरे सोडून पाचवे. सम संख्या त्याच्या ताटात आलेल्याच नाहीत, कारण त्याच्या मते मूळ असणे हा विषम संख्यांचाच एक प्रकार. त्यामुळे २ मूळ नाही! युक्लिडला २ चालत होता, याला नाही. उलट टोकाला, १९१४ साली अमेरिकेत छापलेल्या मूळ संख्यांच्या एका मोठ्या यादीची सुरुवात १ पासून होते. पाठ्यपुस्तकात व्याख्या चौकटीत छापलेली असते, त्यामुळे ती जणू आकाशातून पडली आहे असे मुलांना वाटते. मी माझ्या वर्गात ही हकिकत मुद्दाम सांगत असे, आणि परीक्षेत कोणी २ ला मूळ म्हटले नाही तर मात्र गुण कापत असे. शिक्षकाला दोन तोंडे लागतात.

आता सरांच्या प्रश्नाकडे. ‘हिला कोणी खोडलं?’ समजा, प्रत्येक खोडलेल्या संख्येशेजारी आपण खोडणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. ९१ शेजारी ७, ५१ शेजारी ३. म्हणजे प्रत्येक संयुक्त संख्येपुढे तिचा सर्वांत लहान अवयव. यालाच अवयवांचे कोष्टक म्हणतात, आणि युरोपात दीडदोनशे वर्षे माणसांनी यापायी आयुष्ये घालवली आहेत.

व्हिएन्नाच्या अँटोन फेल्केल या शाळामास्तराने १७७६ साली असे कोष्टक प्रसिद्ध केले, ४,०८,००० पर्यंतचे. छपाई सरकारी खर्चाने झाली. गिऱ्हाईक जवळपास मिळाले नाही. मग तुर्कांशी लढाईची वेळ आली तेव्हा सरकारने उरलेल्या प्रतींचा कागद परत घेतला आणि त्याची काडतुसे वळली. लाखो संख्यांचे अवयव बंदुकीच्या दारूभोवती गुंडाळून सीमेवर गेले. शासकीय प्रकाशनांच्या गोदामांविषयी आपण जे बोलतो, त्याला किती जुनी परंपरा आहे बघा.

प्राग विद्यापीठातल्या याकोब कुलिकची कथा याहून शांत आणि मला तरी जास्त चटका लावणारी. त्याने वीसएक वर्षे खपून १० कोटींपर्यंतचे कोष्टक हाताने लिहिले. आठ खंड. दोन, तीन आणि पाचचे खडे त्याने आधीच गाळले होते, तरीही आठ खंड. १८६३ मध्ये तो वारला. पुढे हस्तलिखित व्हिएन्नाच्या अकादमीकडे गेले. छापले कधीच गेले नाही. नंतर लोकांनी तपासले तेव्हा दुसरा खंड जागेवर नव्हता, आणि उरलेल्यांत चुका होत्या. घरामागून घर मोजत जाणारा माणूस एका ठिकाणी एक घर जरी चुकला, तरी पुढची सगळी रांग सरकते. आणि सरकली आहे हे त्याला कळत नाही. चाळणीत अक्कल कमी लागते, अवधान मात्र प्रचंड.

असल्या याद्यांनी फक्त आयुष्ये गिळली असे नाही. जर्मनीत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लॉगॅरिदमच्या कोष्टकांचे पुस्तक मिळाले, त्यात मूळ संख्यांची यादी होती. पाव तास मोकळा मिळाला की तो एकेक हजाराचा गठ्ठा घेई आणि त्यात मूळ संख्या किती ते मोजे. पहिल्या हजारात १६८. पुढे पुढे संख्या रोडावत जातात, पण कशा रोडावतात? त्याने ताडले की हे विरळ होणे लॉगॅरिदमच्या चालीने चालते. त्या मुलाचे नाव कार्ल फ्रेडरिक गाउस. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. १८४९ मध्ये, म्हातारपणी, एन्के नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला पत्रात लिहिली. त्याचे म्हणणे सिद्ध झाले ते आणखी सत्तेचाळीस वर्षांनी, १८९६ मध्ये, आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोघांकडून, वेगवेगळे. एकेकटा दाणा पूर्ण बेशिस्त, पण पोते भरून बघितले तर काटेकोर नियम. हे कोडे मला अजून पुरते पचलेले नाही.

१९१४ च्या ज्या यादीची सुरुवात १ पासून होते ती कॅलिफोर्नियातल्या डी. एन. लेमर या प्राध्यापकाची, आणि ती एक कोटीच्या थोडी पुढे जाते. त्याच्या मुलाने, डी. एच. लेमरने, १९२६ मध्ये माणसाच्या अवधानावरचा भरवसा सोडला आणि सायकलच्या साखळ्या आणल्या. खरोखरच सायकलच्या साखळ्या. वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या दातेरी चाकांवर टांगल्या. साखळीतल्या कड्यांची संख्या म्हणजे तिचे पाऊल. ठरावीक कड्यांवर दांड्या बसवल्या. मोटर सुरू झाली की सगळ्या साखळ्या एकदम एकेक कडी पुढे सरकत. दांडी आली की विजेचे बटण दाबले जाई, आणि सगळ्या साखळ्यांची बटणे एकाच क्षणी दाबली गेली की विजेचे मंडल पुरे होई. त्या क्षणी मोजणीचा आकडा जो असेल तो हवा असलेला. लेमरला इथे मूळ संख्यांची यादी नको होती. एखाद्या भल्यामोठ्या संख्येचे अवयव शोधायला मदत करतील असे आकडे हवे होते. पण तत्त्व तेच: प्रत्येकाने आपापले पाऊल मोजत चालायचे आणि सगळ्यांच्या चाळणीतून जो उरेल तो घ्यायचा. सहा वर्षांनी त्याने साखळ्यांऐवजी भोके पाडलेली चाके लावली. सगळी भोके एका रेषेत आली की प्रकाशाचा किरण आरपार जाई. ते यंत्र १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना बघायला ठेवले होते. ‘चाळणी’ या शब्दाला शब्दशः भोके पडायला बावीसशे वर्षे लागली!

१९४६ च्या जुलैत, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीत, हाच लेमर आणि त्याची पत्नी एमा एनियाक या खोलीभर पसरलेल्या संगणकापाशी जाऊन बसले. तोफांच्या गोळ्यांच्या मार्गाचे हिशेब करण्यासाठी बांधलेले ते यंत्र त्या सुटीत संख्यासिद्धांताचा प्रश्न सोडवत होते, आणि त्यात पुन्हा एक चाळणी होती.

आता आपल्याकडे येतो, कारण इथे एक खरा दुवा आहे. १९३४ मध्ये एस. पी. सुंदरम या विद्यार्थ्याने एक वेगळा तक्ता मांडला. पहिली ओळ ४ पासून, तीनतीनच्या अंतराने: ४, ७, १०, १३. दुसरी ओळ ७ पासून, पाचपाचने: ७, १२, १७, २२. तिसरी १० पासून, सातसातने: १०, १७, २४, ३१. अशीच पुढे. आता कोणतीही संख्या घ्या. ती या तक्त्यात कुठेही असेल, तर तिची दुप्पट अधिक एक ही संख्या संयुक्त. तक्त्यात कुठेच नसेल, तर दुप्पट अधिक एक मूळ. ५ तक्त्यात नाही, ११ मूळ. ८ नाही, १७ मूळ. ४ आहे, ९ संयुक्त. एका पोराने इरॅटोस्थेनिसच्या ताटाला नवी झिलई दिली. हे टिपण छापले ते ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात, व्ही. रामस्वामी अय्यर यांनी. हे डेप्युटी कलेक्टर; नोकरी मागायला आलेल्या रामानुजनची वही ज्यांनी उघडून बघितली तेच. त्यांनी १९०७ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय गणित परिषदेचे ग्रंथालय सुरुवातीची अनेक दशके पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. रँग्लर परांजपे तेव्हा तिथे प्राचार्य. त्या काळात देशभरातल्या हौशी गणितींसाठी बाहेरची नियतकालिके पुण्याच्या त्या कपाटांतून टपालाने फिरत.

आणि सुंदरमच्या तक्त्याला सरांचा प्रश्न विचारून बघा. ९१ ला कोणी खोडलं? ९१ मधून एक वजा करून निम्मे केले की ४५. तिसऱ्या ओळीत मोजत जा: १०, १७, २४, ३१, ३८, ४५. सहाव्या जागी सापडले. ओळ तिसरी, तिची दुप्पट अधिक एक सात. जागा सहावी, तिची दुप्पट अधिक एक तेरा. सात तेरे एक्याण्णव. तक्ता नुसता खोडत नाही, खोडणाऱ्या दोघांची नावे पत्त्यासह सांगतो. सरांना हे दाखवायचे राहून गेले.

चाळणीची मर्यादा उघड आहे. शंभर अंकी एकच संख्या मूळ आहे का, हे विचारायचे असेल तर तिथपर्यंतचा तक्ता मांडता येणार नाही. विश्वात तेवढे अणूही नाहीत. तिथे त्या एकट्या संख्येलाच गाठून विचारावे लागते, दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांसारखे. यासाठी झटपट आणि कधीही न चुकणारी रीत आहे हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. यातले दोघे नुकतेच पदवी घेतलेले. पण या रीतीचा स्वभाव बघा. संख्या संयुक्त असेल तर ती तसे छातीठोकपणे सांगते. कोणी खोडले ते मात्र सांगत नाही. प्रेत आहे, खुनी नाही.

आणि नेमक्या याच फटीत तुमचे-आमचे पैसे ठेवलेले आहेत. १९७७ मध्ये तीन तरुणांनी जे कुलूप बनवले, त्याची त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडलेली ओळख आरएसए, ते एवढ्याच गोष्टीवर उभे आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना दाखवला, तो संयुक्त आहे हे जाहीर केले, तरी त्याला कोणी खोडले हे शोधणे अतोनात कठीण. त्यांनी १२९ अंकी एक संख्या जगापुढे टाकली आणि म्हणाले, सांगा. उत्तर १९९४ मध्ये मिळाले, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक महिनोन्‌महिने जुंपल्यावर. त्यांनी वापरलेल्या पद्धतीचे नाव काय? वर्गीय चाळणी. कार्ल पोमरन्सने १९८१ च्या सुमारास बसवलेली, आणि तिच्या पोटात तेच: ठरावीक पावले टाकत जायचे, प्रत्येकाची चौकशी करायची नाही. कुलूप चाळणीला घाबरून बनवलेले आणि उघडले ते चाळणीनेच. अर्थात हल्लीची कुलुपे त्याहून कितीतरी लांब अंकांची असतात, तेव्हा बँकेकडे आज धावू नका.

शुद्ध गणितात चाळणी कुठवर पोचली हे सांगायला वेगळे व्याख्यान लागेल, म्हणून धावते सांगतो. ११ आणि १३, १७ आणि १९, ४१ आणि ४३ अशा जोडमूळ संख्या कधी संपतात का, हा प्रश्न अजून उघडा आहे. नॉर्वेच्या व्हिगो ब्रुनने १९२० च्या आसपास जुनी चाळणी या कामाला लावली आणि दाखवले की दोनच्या अंतराच्या अशा अगणित जोड्या आहेत, ज्यांतल्या प्रत्येक संख्येचे मूळ अवयव नऊहून जास्त नाहीत. नऊवरून लोक खाली येत गेले. १९७३ मध्ये चीनच्या चेन जिंगरुनने एक संख्या मूळ आणि दुसरी फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार, इथवर आणले. हे सगळे शास्त्र मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हान्स-एगॉन रिखर्ट यांनी व्याख्यानांतून मांडले. ती १९७६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आता वाटेल, उरले एकच पाऊल. पण ते पाऊल चाळणीला टाकता येत नाही. नॉर्वेच्याच आत्ले सेलबर्गने याचे कारण दाखवले: संख्येच्या मूळ अवयवांची मोजदाद सम येते की विषम, हे चाळणीला एकटीने कधी कळतच नाही. एक अवयव असलेली मूळ संख्या आणि दोन अवयव असलेली संयुक्त संख्या तिच्या ताटात सारखीच दिसतात. खडे कितीही नीट वेचा, दोन जातींचे दाणे ती वेगळे करू शकत नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी इतर साधने जोडीला घेऊन या बंद दाराशेजारी एक खिडकी उघडली. अंतर दोनऐवजी सात कोटींच्या आत, असे त्यांनी सिद्ध केले. इतरांनी ते लवकरच २४६ वर आणले. दोनवर अजून कोणी आलेले नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. एवढेच सांगतो, की बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर सहा रकान्यांचे कागद ठेवले आहेत, १ ते १२० पर्यंतचे. रकाने दहा नसून सहा का, ते खोडायला लागल्यावर आपसूक दिसेल. पहिली ओळ सोडली तर उरलेल्या सगळ्या मूळ संख्या दोनच उभ्या रकान्यांत येऊन उभ्या राहतील. घरी नातवंडांना घेऊन बसा. दोन, तीन, पाच, सात, एवढ्यांनीच खोडायचे. प्रत्येक खोडलेल्या संख्येखाली बारीक अक्षरात खोडणाऱ्याचे नाव लिहायचे, ही सरांची अट. १ बाजूला ठेवून शेवटी ३० उरल्या पाहिजेत. ३१ उरल्या तर ११९ कडे बघा, आणि सातचा पाढा पुन्हा एकदा, यावेळी मोठ्याने, मोजा.